गिरणीतून आलेला कोंबडीभात

आमच्या माणदेशात भात रोजच्या जेवणात नव्हता. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी आणि पाऊस बरा झाला तर थोडी तूर, एवढंच आमच्या रानात यायचं. भाताच्या खाचराला लागतं तेवढं पाणी उन्हाळ्यात आमच्या विहिरीत प्यायलासुद्धा नसायचं. तांदूळ यायचा तो पाटण-कोयनेकडून, नाहीतर रेशनच्या दुकानातून. तो उतरंडीच्या वरच्या गाडग्यात जपून ठेवलेला असे. जावई आला, घरात बाळंतीण असली, कुणी तापानं फणफणलं किंवा देवाला नैवेद्य दाखवायचा असला, तरच ते गाडगं खाली उतरायचं. आम्हा पोरांना ताप आला की आतून बरंच वाटायचं, कारण आई मऊ भात करून त्यावर तुपाची धार सोडायची.

कोंबडीचं त्याहून अवघड. कोंबड्या दारात दहा-बारा असायच्या, पण त्या खाण्यासाठी नव्हत्याच. कोंबडी ही घरातल्या बाईची बँक. रान नवऱ्याचं, बैल नवऱ्याचे, दुधाचा हिशेबही सासऱ्याकडे. फक्त डालग्याखालची कोंबडी आणि तिची अंडी एवढीच बाईच्या हातात. अंडी विकून आई चहापूड आणायची, आमच्या वह्या आणायची, माहेरी जायचं एसटीचं तिकीट काढायची. त्यातच एखाद्या वर्षी मानमोडी यायची. राणीखेत म्हणतात तो हा रोग. दोन-चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं व्हायचं आणि त्या वर्षी आईचं माहेर बंद व्हायचं.

म्हणून कोंबडं कापायचं ते जत्रेला, नवसाला किंवा पाहुणा आला तर. आणि ते घरात शिजत नसे. आमचे आबा माळकरी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला पंढरीची वारी. त्यामुळे परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळा डाव. ती भांडी कडीपाटाच्या घरात कधीच यायची नाहीत, छपराखाली टांगलेली असायची. आजी पाट्यावर सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण, आलं वाटायची. वरून कांदा-लसणाची चटणी. गावरान कोंबडं म्हणजे वर्षभर उकिरडा उकरून टणक झालेलं. त्याला शिजायला दीड-दोन तास सहज लागायचे. तेवढा वेळ एक बाई धुरात बसून जाळ सारत राहायची.

मग पंगत. आधी पाहुणे आणि घरातले मोठे बाप्ये, मग पोरं, मग पोरी, सगळ्यांत शेवटी सुना. पातेल्यातलं मटण डावानं चाळून चांगले तुकडे वर काढायचे आणि ते पहिल्या पंगतीला वाढायचे, अशी रीतच होती. सुनांच्या वाट्याला यायचा तो रस्सा, मान आणि पाठीची हाडं. आई त्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायची. कोंबडी तिनं पाळलेली, वाटण तिनं वाटलेलं, जाळ तिनं घातलेला. पण तिच्या ताटात तंगडी मी माझ्या लहानपणी कधी पाहिली नाही. तिनं तक्रार केली नाही. तक्रार करावी असं काही यात आहे, हेच आमच्यात कुणाला माहीत नव्हतं.

ही रीत बदलली कशी, ते मला सांगायचं आहे. ती कुणी भाषण देऊन बदलली नाही. ती बदलली एका ॲल्युमिनियमच्या भांड्याबरोबर, आणि ते भांडं आलं मुंबईच्या गिरणगावातून.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्याआधीची दोन वर्षंही पाऊस धड झाला नव्हता. सगळं गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. माणसालाच दाणा नाही तिथं कोंबड्यांना कुठून टाकायचा? आईनं डालगं रिकामं केलं, मिळेल त्या पैशाला कोंबड्या विकल्या. चुलता आधीपासूनच मुंबईला गिरणीत होता. आमच्या भागातून मुंबईला जाणं नवं नव्हतं; गिरण्यांत कोकणाखालोखाल साताऱ्या-कोल्हापूरकडची माणसं. दुष्काळानंतर चुलतीही लेकरं घेऊन परळला गेली. आम्ही तिला काकी म्हणायचो.

एका चुलत्याच्या पगारात मुंबईत भागत नव्हतं, म्हणून काकीनं खाणावळ सुरू केली. खाणावळ म्हणजे दारावर पाटी लावलेलं हॉटेल असं समजू नका. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात रॉकेलचे दोन स्टोव्ह. गावाकडची एकटी माणसं गावकीच्या खोलीत झोपायची आणि जेवायला अशा बाईकडे यायची. महिन्याचे पैसे ठरलेले, पगार झाला की द्यायचे. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे जेवणारेही तीन वेळांना. एकजण रातपाळी करून यायचा तेव्हा दुसऱ्याचा डबा भरून तयार लागायचा. काकी पहाटे चारला उठायची आणि रात्री बाराला पाठ टेकायची. रॉकेल रेशनचं, मोजून मिळणारं. ते महिनाअखेरपर्यंत पुरवायचं हीच तिची सगळ्यात मोठी काळजी.

अशा हजारो बाया गिरणगावात होत्या. त्या गिरणी कामगारांचं पोट भरायच्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. किराणा उधारीवर, ती भागवायला सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून दिलं. तारण म्हणून ठेवायला यांच्याकडं काही नव्हतं, एकमेकींचा शब्द एवढंच. काकीनंही शेजारणींबरोबर अंगठा उठवून कर्ज घेतलं. सावकाराचं देणं फेडलं आणि उरलेल्या पैशातून दहा लिटरचा कुकर घेतला.

आता या कुकराची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे, कारण ती गिरणीशी जोडलेली आहे.

उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशाला उकळतं. खाली कितीही जाळ घाला, त्याच्यावर ते तापत नाही. जास्तीची आच वाफ होऊन उडून जाते. पण तोंड घट्ट बंद केलं आणि वाफ कोंडली, की दाब वाढतो आणि पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं. या वीस अंशांत सगळा फरक आहे. सांध्यातला जो चिवट भाग चुलीवर दोन तास घेतो, तो अर्ध्या-पाऊण तासात विरघळून रश्श्यात उतरतो. ही युक्ती काढली डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं, १६७९ साली, लंडनमध्ये. हाडं मऊ करायचं यंत्र म्हणूनच त्यानं ते दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडणारी सुरक्षा झडपही त्यानंच बसवली. १६८२ साली त्यानं तिथल्या विद्वान मंडळींना या भांड्यात शिजवलेलं जेवण घातलं, आणि बैलाची हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती असं त्यातल्या एकानं, जॉन एव्हलिननं, आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

याच पापँनं पुढं कोंडलेल्या वाफेवर दट्ट्या हलवता येतो हे करून दाखवलं. त्या वाटेनं पुढं वाफेचं इंजिन झालं. वाफेच्या इंजिनावर कापड गिरण्या चालल्या. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिली गिरणी काढली ती वाफेवरचीच. खोपोलीची वीज आली १९१५ ला. म्हणजे ज्या वाफेनं आमच्या माणसांना गाव सोडून मुंबईला नेलं, तिचीच धाकटी बहीण काकीच्या स्टोव्हवर शिट्टी मारत होती. गिरणीच्या भोंग्याला माणसं पळत जायची आणि कुकरच्या शिट्टीला जेवायला बसायची.

आपल्या देशात वाफेवर शिजवायचं भांडं आधीही होतं. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० च्या सुमाराला इकमिक कुकर काढला होता. एकावर एक डबे, खाली कोळसा. पण त्यात दाब नव्हता, सगळं सावकाश शिजायचं. दाबाचा कुकर इथं तयार व्हायला लागला तो १९५९ पासून. हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही त्याच सालचे. सुरुवातीला ती पांढरपेशा घरातली वस्तू होती, लग्नात भेट द्यायची. कामगाराच्या खोलीत ती बऱ्याच उशिरा पोचली.

काकीच्या खाणावळीत रविवारी गिरण्यांना सुट्टी. त्या दिवशी सगळे एकाच वेळी जेवायचे आणि पगार नुकताच झाला असेल तर कोंबडी. पण दहा-बारा माणसांना रस्सा, सुकं, भाकरी, भात असं सगळं दोन स्टोव्हवर करायचं म्हणजे रॉकेलचा धूर. म्हणून काकी एकाच कुकरात कोंबडी आणि भात घालायची. मुंबईत तेव्हा अंडी देऊन थकलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या स्वस्तात मिळायच्या. चामड्यासारख्या चिवट, हॉटेलवाले त्यांना हात लावत नसत. कुकरापुढं मात्र त्यांचं काही चालायचं नाही. एक भांडं, एक स्टोव्ह, तासाभरात दहा ताटं. भाकऱ्या बडवायच्या नाहीत की दोनदा भांडी घासायची नाहीत. आठवड्यात तिला बसून जेवायला मिळायचं ते त्या एका दिवशी.

आणि खाणावळीचा एक नियम होता. ताट म्हणजे ताट. ज्यानं पैसे भरले त्याचं आणि ज्याचे दोन महिने थकले त्याचं, दोघांचं सारखंच. जॉबर असो की बदली कामगार, डाव एकच. एकाला दोन फोडी जास्त गेल्या तर दुसरा महिना संपला की खाणावळ बदलायचा. काकीच्या हाताला ही सवय धंद्यानं लागली होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठ-एक गिरण्या, अडीच लाख कामगार. पहिले तीन-चार महिने सगळ्यांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. गावाकडून ज्वारीची पोती मुंबईला जायला लागली. आमच्या घरातूनही दोन गेली. काकीच्या खाणावळीतले जेवणारे एकेक करून गावाला परतले. जाताना प्रत्येकजण म्हणाला, संप मिटला की थकलेले देतो. ते पैसे यायचे नव्हतेच. त्यांनाही पगार नव्हता. काकीनं त्यातल्या एकालाही पोस्टकार्ड टाकलं नाही. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, आणि बऱ्याच जणांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. चुलता त्यातलाच एक.

१९८३ च्या उन्हाळ्यात ती दोघं लेकरांसह गावाला आली. एसटीच्या टपावरून एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि पोत्यात बांधलेला कुकर उतरला. वीस वर्षांच्या नोकरीचा तेवढाच ऐवज. ज्या चुलत्याची मनिऑर्डर आली की पोस्टमनला घरात चहा व्हायचा, तो आता दुपारभर पिंपळाखाली बसून राहायचा. घरात कुणी त्याला वेडंवाकडं बोललं नाही. पण जेवायला बसताना तो आपणहून पहिल्या पंगतीला बसेना. "मागनं बसतो," म्हणायचा. कमावता माणूस आधी जेवतो ही रीत त्याला कुणी शिकवायला नको होती. आजवर त्या रितीनं तोच पहिला बसत आला होता.

माझं लग्न त्याच वर्षी झालं होतं. घरात मोठी-लहान मिळून अकरा माणसं.

आखाडात एक पोक्त कोंबडं कापलं तेव्हा काकीनं पोतं सोडून कुकर बाहेर काढला. आजी लांबूनच म्हणाली, "लेकरं लांब करा गं, फुटलं-बिटलं म्हंजे?"

काकी म्हणाली, "आत्या, सात वर्सं धा-धा माणसं जेवली ह्याच्यावर. फुटत न्हाय. वाटी मोकळी पायजे फक्त." आणि तिनं झाकण उचलून त्याचं भोक उजेडाकडं धरून आजीला दाखवलं, आरपार दिसतंय का ते.

आबांनी ओसरीवरनंच विचारलं, "त्यात कोंबडं शिजवणार का?"

"व्हय मामा."

"मग ते भांडं घरात आणायचं न्हाय."

काकीनं मान डोलवली. कुकर परसातच राहिला.

त्या दिवशी तिनं केलेला कोंबडीभात मी पुढं शंभरदा पाहिला आहे, म्हणून कृती सांगतो. आधी कुकरात तेल, त्यात चिरलेला कांदा, तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा. कांदा तांबूस झाला की आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ आणि कांदा-लसणाची चटणी. मग कोंबडीचे तुकडे घालून चांगले परतायचे, अंगचं पाणी आटेपर्यंत. मग बेताचं गरम पाणी, झाकण, आणि गावरान पोक्त कोंबडं असेल तर सात-आठ शिट्ट्या. कोवळं असेल तर चार पुरतात. दाब आपोआप उतरू द्यायचा. घाई करून शिट्टी उचलली तर रस्सा उडून छताला लागतो. तोवर किलोभर तांदूळ धुऊन निथळत ठेवायचा. झाकण उघडलं की रस्सा मोजायचा. ज्या मापानं तांदूळ घेतला त्याच्या दुप्पट रस्सा हवा. कमी पडला तर उकळतं पाणी घालायचं. मग तांदूळ सोडायचा, मीठ चाखायचं, वरून कोथिंबीर, पुन्हा झाकण. एक शिट्टी झाली की स्टोव्ह बारीक करून पाच मिनिटं आणि खाली उतरवून पाव तास तसाच. कुकर अर्ध्याच्या वर कधी भरायचा नाही, नाहीतर भाताचा फेस शिट्टीत जाऊन बसतो आणि तेच फुटायचं कारण होतं.

म्हणजे गावरान कोंबडी आणि भात एकदम घालता येत नाही, हे लक्षात घ्या. कोंबडी शिजेपर्यंत भाताचं पिठलं होईल. भांडं एकच, पण दोन पायऱ्या.

झाकण उघडलं तेव्हा सगळ्या परसात वास सुटला. वाढायला आजी बसली. तिनं नेहमीसारखा डाव घालून तुकडे चाळायला सुरुवात केली. तंगड्या, छातीचे तुकडे पहिल्या पंगतीसाठी वर काढायचे होते. भात वाफाळत होता. दोनदा डाव फिरला तशी शितं मोडायला लागली. काकी हळूच म्हणाली, "आत्या, शोधायचं न्हाय. भाताचा गिचका हुतो. डाव तळापातूर घालायचा आन् सरळ वर आणायचा. यील ते ज्येचं त्येचं."

आजीनं डाव तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग तूच वाढ बाई तुजं."

काकीनं अकरा ताटं मांडली, एकदम. पंगती पाडल्या नाहीत. ती खाणावळीत वाढत होती तशी वाढत गेली, तळातून वर, तळातून वर. आबांची ओसरीवर भाकरी आणि आमटी वेगळी होती. आजी "बाप्यांचं हुंदे की आधी," असं एकदा म्हणाली, पण भात निवत होता आणि ताटं भरून झाली होती. चुलत्याच्या ताटात तंगडी आली. आईच्या ताटात छातीचा तुकडा आला. आईनं तो उचलून माझ्या ताटात टाकायला हात पुढं केला, तर काकी म्हणाली, "आक्का, ऱ्हाऊ द्या. आज त्यो तुमचा हाय." आईनं हात मागं घेतला आणि मान खाली घालून जेवली. माझी बायको नवी होती, तिला वाटलं या घरात असंच वाढत असतील.

एका जेवणानं जग बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी-आमटीच्या पंगती पुन्हा पहिल्यासारख्या बसल्या. रस्सा केला की तुकडे पुन्हा वर निघायचे. पण कोंबडीभात असला की काकीचा नियम, हे ठरून गेलं. घरातल्या बाया मग कोंबडीचा रस्सा कमी आणि भात जास्त करायला लागल्या. कारण विचारलं तर सांगायच्या, जळण वाचतं. ते खरंच होतं.

आबांच्या भांड्याचा प्रश्नही सुटला, पण त्याला सहा वर्षं लागली. काकीचा मोठा कुकर छपराखालीच टांगलेला असायचा. आबांचे दात पडले होते, हुलग्याचं माडगं आणि मऊ भात याशिवाय त्यांना काही चावेना. आईनं अंड्यांचे पैसे साठवून पाच लिटरचा दुसरा कुकर आणला, घरातल्यासाठी. त्याच्या मुठीला तिनं लाल दोरा बांधला, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. त्यात डाळ लोण्यासारखी शिजायची. आबा गेले तोवर त्यांचं जेवण त्या लाल दोऱ्याच्या कुकरात झालं. दोन कुकर, दोन चुली. पण मन दुखावलं नाही कुणाचं.

पुढं कोंबडीच बदलली. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्यातून वाढत गेली आणि ब्रॉयलर खेड्यापाड्यांत पोचला. गावरान कोंबडं खाण्याजोगं व्हायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. आमच्या गावातही पत्र्याच्या लांब शेड उभ्या राहिल्या. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मेहनत आपली. तांदूळही बदलला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी आला, वासाचा आणि जरा चिकट, आणि आमच्या आठवडी बाजारातही दिसायला लागला. ब्रॉयलर इतका कोवळा असतो की तो आणि तांदूळ एकदमच घालायचे, दोन शिट्ट्या, झालं. पाणी मात्र दुपटीपेक्षा थोडं कमी, कारण ही कोंबडी स्वतःच पाणी सोडते. आज शहरात ज्याला एका भांड्यातलं झटपट जेवण म्हणतात ते हेच. कुकर, ब्रॉयलर आणि बाजारातला तांदूळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठं ते झटपट झालं.

यात गेलं काय, तेही सांगितलं पाहिजे. ब्रॉयलर आला आणि कोंबडी बाईच्या हातातून निसटली. डालग्याखालची कोंबडी तिची होती. शेडमधल्या हजारो कोंबड्यांचं करारपत्र मात्र बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर आहे, चेक त्याच्या खात्यावर येतो. शेड झाडायला आणि पिल्लांना पाणी घालायला बाईच असते. कुकरनं तिच्या ताटात तुकडा आणला आणि शेडनं तिच्या गाठीचा पैसा नेला. दोन्ही एकाच वीस-पंचवीस वर्षांत झालं.

आमच्याकडची माणसं आता गिरणीत जात नाहीत, ऊसतोडीला जातात. दोन वर्षांपूर्वी मी कारखान्याच्या थळावर एका नातलगाला भेटायला गेलो होतो. पाचटाच्या कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली आणि जवळपास प्रत्येक चुलीवर काजळीनं काळा झालेला कुकर. नवरा-बायकोचं मिळून एक कोयतं. दोघं पहाटे फडात जातात, दोघं अंधारात परत येतात. रात्री आठ वाजता परतलेल्या बाईला भाकऱ्या थापायचं त्राण नसतं. त्या रात्री उचल मिळाली होती, म्हणून कोंबडी होती. एका बाईनं कुकरात सगळं एकदम घातलं आणि चुलीजवळच पाय पसरून बसली. ती परळ कधी गेली नव्हती, संप तिच्या जन्माआधीचा. पण मुकादम, तिचा नवरा, दोन पोरं, मी आणि ती स्वतः अशी सहा ताटं तिनं एकदमच मांडली. पहिला डाव तिनं तळापर्यंत घातला आणि वर आला तो भात, त्यातल्या तुकड्यासकट, शेजारच्या ताटात टाकला. ते ताट तिचंच होतं.